मास्तर रजेवर

"मास्तर काय म्हणतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रजेवर आहेत," तो म्हणाला. "बिनपगारी."

आई खुदकन हसली. मुलाच्या डाव्या कानात कित्येक वर्षं एक आवाज ठाण मांडून बसला होता. उठता-बसता चुका काढायचा, म्हणून मुलानेच त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. उलटी थांबवायची साधी गोळी नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिली, तर असे आवाज मंदावतात का, याचा इथे अभ्यास चालला होता. गोळ्या घरी घ्यायच्या आणि रिकामी पाकिटं परत आणून दाखवायची. त्याच्या पाकिटांत आजवर एकही गोळी उरली नव्हती.

"आणि तुमचं कसं चाललंय?" बाईंनी आईला विचारलं.

आईच्या पोटातल्या गाठीवर सलाइनमधून औषध चालू होतं. त्या औषधाने आतडी पिळवटून निघायची. मध्यंतरी तर तिने सांगूनच टाकलं होतं, उपचार बंद, जे व्हायचं ते होवो. त्या दिवशी मुलगा जेवला नव्हता. स्वतःच्या गोळ्या विसरण्यात आईचा हात कुणी धरला नसता. पोराच्या गोळ्यांसाठी मात्र ती त्याच्या मागे हात धुऊन लागायची.

"आता पोटात अन्न टिकतं. पुढची फेरीही घेणार आहे," आई म्हणाली. "माझ्यामागे याचं कसं होणार, या काळजीनेच मळमळायचं हो मला. हा सुधारला आणि माझ्या घशाखाली घास उतरला."

मुलगा खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिला.

घरी आल्यावर आईने पलंगावर अंग टाकलं. तो स्वयंपाकघरात लिंबू पिळू लागला. तिला सकाळ-संध्याकाळ सरबत करून द्यायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि तिला त्याचं कोण कौतुक.

"साखर जरा जास्त घाल रे," आतून आवाज आला. "शेवटचा घोट कडू लागतो."

"बिया पडतात गं. गाळून देऊ का?"

"राहू दे. तुझ्या हातचं कडूही गोड लागतं मला. आणि तुझी गोळी?"

"आत्ताच पाकीट फोडलं."

"शहाणं माझं बाळ ते."

त्याचे डोळे भरून आले. चमचा ग्लासात किणकिणत राहिला.

"नीट ढवळ," डाव्या कानात मास्तर म्हणाले. "काल अर्धी गोळी तळाशीच राहिली होती."