घेण्यास नकार

रुख्माबाईंनी पुस्तक पदराने पुसलं आणि कपाळाला लावलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रभाकररावांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"वहिनी, इथं छापलंय, नत्थूजींचं प्रमेय."

सहा वर्षं ते प्रभाकररावांचं प्रमेय होतं. मूळ संख्यांवरचं. त्याच्याच जोरावर वर्ध्याच्या कॉलेजात त्यांना मोठी खुर्ची मिळाली, परदेशातून पत्रं आली. वही मात्र रुख्माबाईंच्या नवऱ्याची, सिंदीच्या नत्थूजी मास्तरांची, म्हणजे जिवलग मित्राची. विश्वासाने वाचायला दिलेली वही या गृहस्थाने सरळ आपल्या नावावर खपवली. चोर तो चोरच, गणितातला झाला म्हणून काय.

पंचावन्न साली नत्थूजी गेले आणि प्रभाकररावांना अन्न गोड लागेना. दोन वर्षं मन खात राहिलं. शेवटी त्यांनी सगळं कबूल करून पुस्तक नव्याने छापून घेतलं. कालच प्रती नागपूर, मुंबई, पार विलायतेपर्यंत रवाना झाल्या.

"मी चोरी केली, वहिनी."

"मले ठाऊक हाय, भाऊजी," रुख्माबाई म्हणाल्या. "जाऊ द्या. आता चार लोकायत त्यायचं नाव निघन. मले अजून काय पाहिजे?"

"त्यानं पाच पत्रं पाठवली होती. मी एकही फोडलं नाही. 'घेण्यास नकार' लिहून परत केली. कोणत्या तोंडानं वाचणार होतो?"

"हायेत ना." त्यांनी ट्रंकेतून पाकिटं काढली. "मी म्हणो, कार्ड काऊन नाई लिहत, सस्तं पडते. तर म्हणत, पोस्टमन वाचन, प्रभाकरची इज्जत जाईन."

प्रभाकररावांचे डोळे भरून आले. मरेपर्यंत त्याने आपली अब्रू झाकलीच होती.

"शिव्या असतील, वहिनी. मला त्या खायलाच हव्यात."

"मोठ्यानं वाचा. त्यायचा आवाज आल्यावानी वाटन."

त्यांनी सगळ्यात जुनं पाकीट फोडलं. अक्षर तेच, ठसठशीत.

'प्रभाकर, वही तू आपल्या नावावर छापलीस, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. पण सतराव्या पानावर माझी बारीक चूक राहिली आहे. प्रमेय खोटं आहे. छापलेल्या नावाचं जगात हसं व्हायच्या आत मागं घे.'