डावीकडची जागा

म्हातारा पुन्हा अडकला.

"तीन छाडो, दुई धोरो," इथवर तो सुरात आला आणि मघाच्याच जागी थांबला. हातातली काडी उभ्या धाग्यांवर तशीच राहिली. खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. कुवेतमधल्या सालमियाच्या त्या हॉलमध्ये एसी इतका जोरात होता, की बंगालच्या हातमागाचं कौतुक करायला आलेल्या सगळ्याजणी नायलॉनच्या शाली गुंडाळून बसल्या होत्या.

योगिनीवहिनी प्रदर्शनाच्या कमिटीत होत्या. त्यांनी माइक घेऊन सांभाळून घेतलं. यूनुसचाचांचं वय झालंय, त्या म्हणाल्या. जामदानी साडीची नक्षी कागदावर नसते, विणकराच्या तोंडात असते. मागावर दोघं शेजारी बसतात. उजवीकडचा एक ओळ म्हणतो, डावीकडचा पुढची म्हणतो, तसे दोघांचे हात चालतात. चाचा एकटेच आलेत, म्हणून विसरतात. दुबईच्या प्रदर्शनातही इथंच अडकले होते म्हणे, मस्कतलाही. पण कला बघा, कला. टाळ्या पडल्या.

म्हाताऱ्याच्या डाव्या हाताची जागा रिकामी होती. बरं दिसेल म्हणून कमिटीने तिथे फुलदाणी ठेवली, तर त्याने ती उचलून खाली ठेवली होती.

नर्मदा चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती. वहिनींची पर्स तिच्याच खांद्याला होती. कुडाळहून वहिनींनी तिला घरकामाला आणलं, ते अगदी घरच्यासारखी म्हणून. घरच्यासारखी असल्यामुळे तिला सुट्टीचा वार नव्हता, आणि तिचा पासपोर्ट वहिनींच्या दागिन्यांशेजारी कपाटात होता. "तू हरवशील गं," वहिनी मायेने म्हणायच्या. बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायच्या, तेही मायेनेच.

मघापासून नर्मदा पॅन्ट्रीत कप भरत होती. म्हाताऱ्याचे शब्द तिच्या कानावर आत्ता पडले, आणि ती ट्रे घेऊन एक पाऊल आत आली.

हे तर खिडकीतलं स्तोत्र.

वहिनींच्या न्हाणीघराची खिडकी इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडायची. समोर दुसऱ्या फ्लॅटची तशीच खिडकी, लोखंडी जाळीची. दुपारी दोन्हीकडची माणसं झोपली, की त्या जाळीमागून एका मुलीचा आवाज यायचा. तीही कामवालीच, तिच्याही दाराला बाहेरून कुलूप. तोंड कधी दिसलं नाही. फक्त बोटं दिसायची, जाळीवरून काहीतरी वेचत सरकणारी. माळच ओढतेय, असं नर्मदाला वाटायचं. छाडो म्हणजे सोड, एवढं तिला कळत होतं. कोणत्या देवाला सांगतेय कोण जाणे, पण मागणं तिचंच ते आपलंही, म्हणून नर्मदा पाठ करत गेली. हळूहळू तिचाही आवाज लागला. मग ती मुलगी शेवटच्या ओळीआधी थांबायला लागली. नर्मदाने ती ओळ म्हटली, की पलीकडे बारीकसं हसू यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. नाव विचारायला वेळच मिळाला नाही. घरात कुणी खोकलं, की खिडकी बंद. अलीकडे तर आवाजही बसत चालला होता. नर्मदाला रोज धास्ती वाटायची, उद्या ऐकू येतो की नाही.

आणि आज तेच शब्द हॉलमध्ये, साडीवर. म्हाताऱ्याने पुन्हा सुरुवात केली. तीन छाडो, आणि त्याच्या काडीने तीन धागे सोडले. दुई धोरो, आणि दोन उचलले. नर्मदा बघतच राहिली. देव नव्हता त्यात कुठे. नक्षीचा हिशोब होता नुसता.

म्हातारा थांबला.

"एक धोरो, शोब छाडो," नर्मदाच्या तोंडून निघून गेलं. रोजच्या सवयीने.

बायका खळखळून हसल्या. घ्या, चाचांना जोडीदारीण मिळाली, कुणीतरी म्हणालं. वहिनींनी मात्र डोळे मोठे केले.

म्हाताऱ्याने काडी खाली ठेवली. तो मागावरून उठला आणि खुर्च्यांमधून वाट काढत तिच्याकडे आला. विसरलेलं आठवल्यावर माणूस सैलावतो. हा तिच्या ओठांकडे बघत होता.

"भूला नहीं, बेटी," तो हळू म्हणाला. "दुबई, मस्कत, सब जगह जानबूझके इधरी रुका. आगे की लाइन हमारे घर की है. मैं जानता हूँ, और मेरी बेटी नूरबानू. उसको एजंट कौन से मुलुक में ले गया, बोला नहीं." त्याने तिच्या हातातल्या ट्रेची कड घट्ट धरली. "कोथाय?"

कुठे, एवढंच विचारत होता तो. ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

वहिनी लगबगीने आल्या. त्यांनी नर्मदाचं कोपर धरलं. लोकांच्या घरच्या भानगडीत आपण पडायचं नसतं, असं हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटल्या. आणि मग जरा मोठ्याने, "नर्मदा, कप गोळा कर. पर्स दे इकडे."

नर्मदाने ट्रे वहिनींच्या हातात दिला. त्यांना कोपर सोडावंच लागलं. मग तिने पर्सची चेन ओढली, आतून घराची किल्ली काढून मुठीत धरली आणि पर्स परत करून टाकली.

"चलो चाचा," ती आपल्या कुडाळी हिंदीत म्हणाली. "वो हमारा मोरी का खिडकी के सामने है. तुम सिरफ सुरू करो, आगे का वो बोलेगी."