काळे पडदे

"बस आत," नवऱ्याने फर्मावलं. शैलजा गाडीत बसली. त्याने चारही खिडक्यांना काळे पडदे लावून बाहेरून पाहिलं. "आतलं काही दिसत नाही. हेच द्या."

दुकानदाराला तिचा फुटलेला ओठ मात्र आधीच दिसला होता. "यावर काच फोडायची हातोडी फुकट," तो म्हणाला. "वहिनी, गाडीत अडकलात तर मधोमध मारू नका, कोपऱ्यात मारा."

सिग्नलला गाडी थांबली. "दुकानदाराकडे बघून हसलीस?" थपडेने तिचं डोकं दारावर आपटलं. मग त्याने केस धरले.

तिने हातोडी उचलली, तसा त्याने दुसऱ्या हाताने चेहरा झाकला. तिने पडदा खेचून काढला आणि काचेच्या कोपऱ्यात घाव घातला. काच खळकन कोसळली. शेजारच्या रिक्षातली माणसं वळली.

त्याच्या मुठीत अजून तिचे केस होते.