तपासणीचं कुलूप

वनजाक्षी जवळ येताच शेषगिरींनी स्क्रीनवरची खिडकी पुन्हा झटकन मिटली. सकाळपासून हेच चाललं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"पास केलंत का, सर?"

"नाही केलं."

तिला वाटलंच होतं. तान्ह्या बाळांना औषध देणाऱ्या पंपाचा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला होता, स्वतःचं म्हणावं असं पहिलंच काम. आज मंजूर झालं नाही, तर ते चेन्नईच्या टीमकडे जाणार होतं. सगळ्या पंपांचा मूळ क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा पायाभूत साचा, शेषगिरींचा. तो मुद्दाम अपुरा ठेवलेला. नुसत्या त्याच्यावर पंप चालत नसे. प्रत्येक पंपासाठी वारस क्लास लिहायचा आणि रिकाम्या जागा भरायच्या. पण औषध जास्त जाऊ लागलं की पंप थांबवणारी तपासणी त्यांनी प्रायव्हेट ठेवली होती, वारसांनाही बंद. तिच्यातली मर्यादा मोठ्या माणसांची. बाळांसाठी ती कमी करायची म्हणून वनजाक्षीने तिथे प्रोटेक्टेड लिहिलं आणि वारसांना दार उघडून दिलं. एका शब्दाचा तर बदल! म्हाताऱ्याच्या पोटात तेवढ्यानेच दुखलं, असं तिने धरून टाकलं.

"माझ्यावर विश्वास नाही, असं सरळ सांगा ना."

"बस, अम्मा. कॉफी संपव आधी."

एक कॉफी दोघांत वाटून घेतलेल्या बाय-टूतला तिचा ग्लास रिकामा होताच त्यांनी तो चाचणीच्या पंपाच्या नळीखाली ठेवला. मग चार ओळींचा एक नवा वारस लिहिला. त्यात, वनजाक्षीने उघडलेल्या दारातून, तपासणीच्या जागी काहीच ठेवलं नाही. पंप सुरू झाला. दोघं बघत बसले. ग्लास भरला, पाणी टेबलावर आलं, तिच्या ओढणीपर्यंत पोचलं. पंप थांबेना. नळीच्या टोकाशी बाळ असतं तर, या विचाराने ती घाबरली आणि तिने वायरच उपटली.

"तुझ्यावर आहे गं विश्वास," शेषगिरी म्हणाले. "पण दार तू तुझ्या एकटीसाठी उघडलं नाहीस. तुझ्यानंतर कोण येणार, मला ठाऊक नाही. तुला आहे?"

ती ओशाळली, पण मनातली अढी जाईना. "मग सकाळपासून झाकताय काय?"

"आधीच दाखवलं असतं, तर भांडत बसली असतीस."

त्यांनी खिडकी उघडली. तपासणी पुन्हा कुलपात होती. तिच्या वर एक नवी ओळ आली होती: जास्तीत जास्त औषध किती, ते प्रत्येक वारसाने सांगायचं. पुढची जागा कोरी.

"हे तर अर्धवटच आहे, सर."

"असणारच. थांबवायचं काम कुलपात ठेवलंय. कुठे थांबायचं, ते तू लिहायचंस."