घळीतली हाक

अंधारघळीच्या तोंडाशी गोकुळने सगळ्यांना पिवळी हेल्मेटं वाटली. हिराबाईचा पदर आणि हेल्मेट यांचं काही केल्या जमेना. शेवटी त्यानेच पदरावरून ते बसवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावून दिला.

"मावशी, एकट्याच? सोबत कुणी न्हाई?"

"न्हाई," ती म्हणाली.

मिनीबसमधली बाकीची मंडळी पुण्याची, सुट्टीचा दिवस सत्कारणी लावायला निघालेली. बेल्ह्याची ही एकटीच. कळंबला बहिणीकडे जाते असं घरी सांगून तिने नारायणगावात बस धरली होती. गेल्या भादव्यात तिचा भैरव याच घळीत वाहून गेला. एकोणीस वर्षांचा होता. दिरांनी त्याला परस्पर आणला, परस्पर पोचवला, तोंडसुद्धा धड पाहू दिलं नाही. विषय काढला की ते ताटावरून उठायचे. पोरगा गेला कसा, शेवटी काय झालं, एवढंच तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. सहलीतला गाईड सगळं सांगतो, असं कुणीतरी म्हणालं होतं. म्हणून आली.

घळ इतकी चिंचोळी की एकामागोमाग एकच माणूस जावा. दोन्ही बाजूंचा कातळ पाण्याने घासून गुळगुळीत केलेला, वर आभाळाची एक चिंधी. आत पाऊल टाकलं की आपला ऊर फुटेल, असं हिराबाईला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. तिने कातळाला हात लावला. गार लागला. तिने हात काढून घेतला. मागची बाई म्हणाली, "फोटो काढते, जरा थांबा हं." ती थांबली. भादव्यापासून तिचं असंच चाललं होतं. दळण आणायची, शेरडांना पाला टाकायची, चारचौघी हसल्या की हसायची. आत मात्र सगळं बधिर. आपण आई आहोत की धोंडा, असं तिचं तिलाच वाटायचं, आणि त्याचंही फारसं काही वाटायचं नाही.

घळ जिथे जरा रुंद होते तिथे गोकुळ थांबला. पायांशी कोरडा डोह होता, वर एक पुढे आलेला दगड. त्याने घसा साफ केला. हा त्याचा ठरलेला मुक्काम असावा.

"हितं नीट ऐका. त्या दिवशी हितं टिपूस नव्हता, लख्ख ऊन. पन वर घाटमाथ्यावर ढग फुटलेला. बेल्ह्याकडचा एक पोरगा ह्या दगडावर उभा राहून रील काढत व्हता. दोस्त म्हनले, चल. ह्यो म्हनला, थांबा, अजून एक. आन् वरून जो लोंढा आला..."

"प्यायलेला असणार," गॉगलवाल्या बाई म्हणाल्या.

"आता गेल्या मान्साचं काय बोलायचं, मॅडम," असं म्हणून गोकुळने बोलायचं ते बोलून घेतलंच.

हिराबाई ऐकत होती. भैरवचा मोबाईल त्या दिवशी घरी चार्जिंगला होता. कसली रील आणि कसलं काय! याला काहीएक ठाऊक नव्हतं. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं. राग यायला हवा होता. तोही आला नाही.

"जाता जाता त्यानं एकच हाक मारली," गोकुळने आवाज खाली आणला. "ह्या कानांनी ऐकलीया." आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला, "आईऽऽ!"

हाक कातळावर आपटत वर वर गेली.

हिराबाई घरातली थोरली सून. चारही दीर तिला वैनी म्हणायचे, आळीही वैनी म्हणायची, म्हणून भैरव बोलायला लागला तोही वैनीच म्हणत. आधी सगळे हसले, मग ते अंगवळणी पडलं. वैनी, भाकर दे. वैनी, गाडीची चावी कुठंय? लोक म्हणायचे, अगं, आई म्हणायला शिकव की. ती म्हणायची, काय फरक पडतो. म्हणजे ही हाकसुद्धा भैरवची नव्हतीच. हे कळत असूनही ती त्या दगडाखालीच बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि किती दिवसांनी येतंय याचंच तिला नवल वाटलं.

मंडळी फोटो काढत पुढे सरकली. गोकुळ पाण्याची बाटली घेऊन मागे आला.

"चक्कर आली का, मावशी?"

"तुमी व्हता का तवा हितं?"

"व्हतो म्हंजे? मीच तर..."

"त्याचा मोबाईल घरी व्हता," हिराबाई म्हणाली. "चार्जिंगला."

गोकुळ तिच्याकडे बघतच राहिला. मग तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मी वारूळवाडीला व्हतो त्या दिवशी, पावण्यांकडं. पेपरात आलं तेवढंच म्हाईत. लोकांना कायतरी लागतं, म्हनून जोडत गेलो. चुकलं, मावशी. पाया पडतो तुमच्या. उद्यापास्नं सगळं काढून टाकतो."

हिराबाईने पदराने तोंड पुसलं.

"रीलचं काढा. दारूचंबी काढा, त्यो तसला नव्हता."

"व्हय."

"हाक तेवढी ऱ्हाऊ द्या."