काळ्या तिखटाचा डबा

डबा यंदाही लहानच निघाला, आणि डॉक्टर प्रेमानंद यांचा चेहरा उतरला.

"आई, एवढंसं काळं तिखट कसं पुरायचं? दरवर्षी सांगतो, डबा मोठा भर."

"बघू. आधी जेव," चांगुणाबाई म्हणाल्या.

बाहेर गाडी येऊन थांबली होती. डॉक्टर दोन दिवस राहायचं म्हणून ईटला, आपल्या गावी, आले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच निघाले होते. नागालँडातली प्रयोगशाळा त्यांच्यावाचून अडली होती, असं निदान त्यांचं मत होतं. गावाचं मत वेगळं होतं. सकाळीच शेजारच्या कोंडीरामनं आपली आजारी म्हैस दाखवायला आणली होती. डॉक्टरांनी त्याला जनुकं समजावून सांगितली. "म्हंजी औषध न्हाय तुमच्याकडं," म्हणत तो म्हैस घेऊन परतला होता.

"मग तू करतोस तरी काय तिकडं?" चांगुणाबाईंनी भाकरी वाढत विचारलं. लेकानं घरात पाऊल टाकल्यापासून त्यांना त्याच्याशी धड बोलायला मिळालं नव्हतं.

डॉक्टर खुलले. विषय निघायचा अवकाश, ते कुठंही व्याख्यान देत.

"मिथुन नावाची गुरं असतात, आई. अर्धी रानटी. दावं नाही, गोठा नाही. वर्षभर जंगलात हुंदडतात. पण मालकानं हाक मारली की मीठ चाटायला हजर! त्या वेळी त्यांच्या अंगातली कुठली जनुकं जागी होतात, ते मी रक्तात शोधतो."

"घावलं का?"

"अजून नाही."

"मालक मीठ किती देतो?"

"मूठभर."

"मूठभरच? पोतंच नेऊन ठिवावं की रानात. बिचाऱ्यांना हेलपाटा कशापायी?"

डॉक्टर हसले. पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी राखून ठेवलेलं हसू होतं ते.

"अगं, पोतं ठेवलं तर ती परत कशाला येतील?"

चांगुणाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. डॉक्टरांची नजर आईच्या मागच्या फळीवर गेली. तिथं काळ्या तिखटाची भली मोठी बरणी होती, गळ्यापर्यंत भरलेली. डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि आईची फार माया आली.

बाहेर हॉर्न वाजला. चांगुणाबाईंनी लहान डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि तो लेकाच्या पिशवीत ठेवला.

"सरलं की ये," त्या म्हणाल्या.