डिस्कवरचा हात

शनिवार, १४ मार्च. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटे. संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरांत आकडा उमटला : ३४७ व्हायरस. पाठोपाठ भोंगा वाजू लागला.

फाईल लहान करण्याचे एखादे फुकट साधन इंटरनेटवर शोधायला बसलेल्या मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. तंत्रशाळेत आयुष्यभर लेथ शिकवून ते निवृत्त झाले होते. संगणक हे बायकोचे खाते. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, काळा चष्मा लावून, पडद्याकडे पाठ करून बसली होती. डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि पडद्याकडे पाहायला डॉक्टरांची सक्त मनाई होती.

"अगं, घात झाला! डिस्कमधलं सगळं पुसलं जातंय म्हणे. दहा मिनिटांत पैसे भरले तरच वाचेल."

संगणकाला वायरीने जोडलेल्या, आत तबकडी फिरणाऱ्या त्या डिस्कमध्ये तिचे धडे होते. अंध विद्यार्थ्यांसाठी तिने पाठ्यपुस्तके स्वतःच्या आवाजात वाचून ठेवली होती. एकशे बारा धडे, दोन वर्षांचे काम, आणि दुसरी प्रत नाही. सोमवारी डिस्क शाळेत पोहोचवायची होती. परीक्षा तोंडावर आली होती.

तिचा हात चष्म्याकडे गेला.

"चष्म्याला हात लावू नकोस! मी भरतो. माझं कार्ड कुठंय?"

"थांबा हो जरा. पैसे मागतंय कोण? नाव वाचा."

"महासुरक्षा कवच."

"आपण कधी घेतलं होतं ते?"

"घेतलं नाही. आपणहून आलंय."

"म्हणजे न बोलावता कोणी डॉक्टर घरात शिरतो, नाडीसुद्धा न बघता तीनशे सत्तेचाळीस आजार सांगतो, आणि तुम्ही पाकीट शोधताय!"

"तुला चेष्टा सुचतेय. इथे तपासणी चालू आहे, आकडा वाढतोय. मला दिसतंय ना!"

"दिसतंय ते राहू दे. डिस्कवर हात ठेवा."

"कशाला?"

"भोवती दहा यंत्रं धडधडत असताना आपलं चालू आहे की बंद, हे पोरांना कसं ओळखायला शिकवायचात?"

सापडलेले कार्ड डाव्या हातात धरून मास्तरांनी उजवा तळवा डिस्कवर टेकवला. पडद्यावरचा आकडा ४१२ झाला. भोंगा वाजतच होता. तळव्याखाली मात्र ना थरथर होती, ना ऊब.

"बंद आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "ही फिरतच नाहीये. मग हे तपासतंय कोणाला?"

"तुम्हाला."

मास्तरांनी कार्ड खिशात टाकले.

"आता तिथलं एकही बटण दाबू नका," ती म्हणाली. "आत्तापर्यंत नुसतं चित्र आहे. दाबलंत की खरंच काहीतरी आत शिरेल. डिस्क काढून घ्या आणि मशीन बंद करा."

त्यांनी डिस्कची वायर उपसली. डिस्क त्यांच्या मुठीत होती आणि पडद्यावर तीच डिस्क पुसली जात होती : ६१ टक्के, ६२ टक्के. मास्तरांनी संगणक बंद केला. भोंगा मध्येच तुटला.

थोड्या वेळाने तिने संगणक पुन्हा सुरू करायला लावला. डिस्क जोडून घेतली आणि गेल्या वर्षी दुकानातून विकत आणलेले अँटिव्हायरस कुठून चालवायचे ते पाठमोरीच सांगितले. या वेळी भोंगा वाजला नाही. पडद्यावर एक करडी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मास्तरांच्या तळव्याखाली डिस्क बारीक थरथरत होती.

"चहा ठेवता का?" तिने विचारले.

"तपासणी होऊ दे," ते म्हणाले. त्यांनी हात उचलला नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी निकाल आला. व्हायरस शून्य. धडे एकशे बारा.